सज्ज्यातली जागा

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या आमच्या बंदरगावातल्या चर्चला पश्चात्ताप झाला आणि माझी बसायची जागा गेली.

जागा म्हणजे चर्चच्या आत, मागच्या दारावरचा सज्जा. गुलामांना बसवायला बांधलेला. माझ्या आईची पणजी तिथे बसायची, कारण तिला खाली बसायची मुभाच नव्हती. आईला मुभा होती, तरी ती वरच बसायची. तिथून सगळं चर्च दिसतं म्हणून. "लव्हिनिया, बघ बघ, वॉर्डनसाहेबांना टक्कल पडायला लागलं," असं ती ऐन प्रार्थनेत कुजबुजायची आणि मला हसू आवरायचं नाही. बाकीची काळी माणसं केव्हाच दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. आई गेल्यावर वर मी एकटीच उरले. पण कोण आलं, कोण आजारी आहे, ते वरून दिसायचं. तेवढीच सोबत.

मग हॅडलीबाई आमच्या चर्चच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाल्या. मनाने अगदी चांगल्या. हे चर्च गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून उभं राहिलं आणि इथली जमीन मूळच्या नॅरागान्सेट लोकांकडून बळकावलेली आहे, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. अखेर कुणीतरी बोललं, म्हणून मला बरंच वाटलं. पण त्याच सभेने ठरवलं, सज्जा कायमचा बंद. यापुढे तिथे कुणालाही बसावं लागणार नाही.

"अहो, मला बसावं लागत नाही, मला आवडतं," मी म्हटलं.

हॅडलीबाईंचे डोळे भरून आले. "लव्हिनियाबाई, केवढं मोठं मन तुमचं! पण आता आणखी सोसू नका."

"सोसायचंय काय त्यात? माझी आई बसायची तिथे."

"म्हणूनच तर," असं म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला. आता या बाईपुढे किती डोकं फोडायचं!

रविवारी जिन्याला जाड दोर बांधलेला होता. मला हाताला धरून अगदी पुढच्या बाकावर नेलं. तिथे कधीच कुणी बसत नाही, आमच्याकडे सगळ्यांना मागचे बाक हवे असतात. शेजारी कुणी नाही. समोर वेदी आणि भिंत. मागे कोण आलंय, कळायला मार्ग नाही. म्हाताऱ्या पेंडलटनचा खोकला ऐकू आला, तेव्हा जरा जिवात जीव आला.

ही जमीन नॅरागान्सेटांची, अशी कबुली देणारं निवेदन वाचून झालं. नॅरागान्सेटांपैकी कुणी आलंच नव्हतं. त्यांना बोलवायचं राहून गेलं होतं म्हणे.

मग हॅडलीबाई म्हणाल्या, "आपण उठून सज्ज्याकडे वळू या. ज्यांना तिथे बसवलं, त्यांची शांतपणे क्षमा मागू या."

सगळं चर्च उठलं आणि मागे वळलं. मीही वळले. माझ्यासमोर नुसत्या पाठी. सगळे माना वर करून आईच्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. काही जण रडत होते. मला फार एकटं वाटलं, आईच्या प्रेताजवळ बसले होते तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. म्हणावंसं वाटलं, अहो, त्यांच्यातली एक अजून जिवंत आहे, जरा इकडे बघा.

पण सगळे शांतता पाळत होते, म्हणून मीही पाळली.