आठातला नववा

अनसिंगच्या बौद्धपुऱ्यात पंचाहत्तर साली एक आक्रीत घडायचं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत बाया लेझीम खेळणार होत्या. तोवर बायांनी काय केलं असेल, तर पांढरी लुगडी नेसून मिरवणुकीच्या मागून चालल्या आणि घरी येऊन पाय चेपत बसल्या. पुढं नाचायचं ते पुरुषांनी. पण यंदा गंगूच्या डोक्यात किडा वळवळला आणि तिनं तो अख्ख्या पुऱ्याच्या डोक्यात सोडून दिला.

गंगू ही पुंजाजीची धाकटी सून. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, माहेर मेडशीचं. माहेरी दारावरून लेझीम जायची तेव्हा उंबऱ्याच्या आत हिचे पाय उभ्या जागी नाचायचे. आई म्हणायची, "पाय आवर वं, पोरगी हायेस तू." पाय काही आवरले नाहीत. सासरी येताना ती ते तसेच घेऊन आली.

थोरली जाऊ भागिरथा बाई मोठी खमकी. तिनं गंगूचं ऐकलं, कमरेवर हात ठेवून थोडा विचार केला आणि दोघी धरून अकरा बाया गोळा केल्या. जयंती मंडळाच्या जुन्या, चकत्या ढिल्या झालेल्या लेझिमा मिळाल्या. रोज दिवस कलला की विहाराच्या मागच्या पटांगणात तालीम सुरू व्हायची. हलगीवाला पुरुषांच्या ताफ्यात अडकलेला, म्हणून भागिरथा तोंडानंच मोजायची. एकला उजवा पाय पुढं, दोनला डावा जवळ, असं करत सातला लेझीम डोक्यावर उंच, आठला अर्धी बैठक घेऊन वर उठायचं आणि पुन्हा एक. महिन्याभरात बाया अशा काही एकसारख्या हलायला लागल्या की भागिरथाला झोपेतसुद्धा आठापर्यंत मोजायची सवय लागली. गंगूला तर वाटायचं, आता चौदा तारीख उद्याच यावी.

चौदा तारीख यायच्या दोन दिवस आधी वहाब आला. वाशिमच्या बँडमध्ये ढोल वाजवणारा हा गडी दर जयंतीला अनसिंगला यायचा. बौद्धपुऱ्याच्या पोरांना त्याच्या ढोलाशिवाय जयंती झाल्यासारखी वाटायची नाही. त्या संध्याकाळी त्यानं बायांसाठी ढोल गळ्यात घातला. बघायला मंडळाचा म्होरक्या देवमन आला आणि विहाराच्या ओट्यावर पुंजाजीसकट सगळी म्हातारी मंडळी येऊन बसली.

ढोल घुमला तशी गंगूच्या अंगातून वीजच गेली. पहिलं आवर्तन झकास झालं. दुसऱ्याला काहीतरी खटकलं. चौथ्याला तर ढोल उजव्या पायाला बोलावतोय आणि बाया डावा पुढं टाकताहेत. सहाव्याला लिलाबाईची लेझीम चंपाबाईच्या कानाला लागली आणि सगळी रांग फिसकटली.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. देवमन पोट धरून हसला. "बायांचा आठ नवाचा असते वाटते!"

"तुमाले हसाले काय होते?" भागिरथा भडकली. "ढोलच पुढं पयते त्याचा!"

"वैनी, ढोल कायको पयेगा?" वहाब बिचारा हिरमुसला. "मेरा हात वहीच हाय. तुमीच आठ के बाद दम खाते."

देवमननं मग हसू आवरून निकाल दिला. विहारापासून चौकापर्यंत बायांनी पुढं खेळावं. एकदा जरी रांग मोडली तर चौकातच लेझिमा पोरांच्या हातात द्यायच्या आणि नेहमीसारखं मागून चालायचं. एवढंच नाही, "मंग पुढच्या साली हा इषय काढाचा नाई," असंही त्यानं बजावलं.

गंगूला रडू फुटायचं बाकी राहिलं. आपणच हे खूळ काढलं आणि आपल्यामुळेच अकरा बायांचं हसं होणार, हे तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी तालमीला ती रांगेतून बाहेर निघाली. म्हणाली, "बाई, तुमी मोजा. मी बाजूनं पायतो."

भागिरथानं मोजायला सुरुवात केली. गंगू पायांवर डोळे लावून बसली. पाय बरोबर पडत होते. मग तिनं वर पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. सातला लेझीम वर जात होती, आठला बैठक होत होती आणि बैठकीतून उठताना प्रत्येकीचा पदर डोक्यावरून घसरत होता. लगेच दहाच्या दहा उजवे हात लेझीम सोडून डोक्याकडे जात, पदर पुढं ओढत आणि परत लेझीम धरत. त्यानंतर भागिरथा म्हणायची, "एक!" अख्ख्या ताफ्यात इतकी एकजुटीनं होणारी दुसरी गोष्टच नव्हती. भागिरथा स्वतः पदर ओढायची तेव्हा तिचं मोजणंही तेवढं थांबायचं, म्हणून महिनाभर कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"बाई, सापडला!" गंगू टुणकन उडाली. "आपला नववा ठोका सापडला! पदर खाते थो!"

आणि मग तिला पुढचंही दिसलं. ढोलाचा 'एक' कानावर पडल्यावर पाय उचलला तर उशीरच होणार. आठ संपता संपता पाय हवेत असला पाहिजे, म्हणजे एक वाजताना तो जमिनीवर येतो. आणि नेमक्या त्याच वेळी यांचे जीव पदरात अडकलेले! पाय बिचारा कोणाच्या हुकमाने उठेल?

चोर सापडला, पण त्याला बांधायचं कसं? पिना लावून पाहिल्या. तेल लावलेल्या केसांत पिना टिकेनात, लिलाबाईची तर उघडून टाळूत रुतली. वहाब भला माणूस. तो हळूच म्हणाला, "आपा, मैं आठ के बाद एक ठोका जास्ती मारून देतो. कोनाले समजते?"

गंगूला क्षणभर मोह झाला. मग तिनं मान हलवली. "मांगं पुरुषायचा ताफा याच ढोलावर चालते. ते पडतीन. अन् आमी खेळलो असं कसं म्हनाव मंग? तुमी सांभाळून घेतलं म्हना."

"मंग पदर कमरेले खोचा," भागिरथा म्हणाली. "निंदाले जातो तवा खोचतोच ना आपून?"

"निंदाले जातो तवा सासरा वावराच्या धुऱ्यावर बसून पायते काय?" लिलाबाईनं इतक्या मोठ्यानं विचारलं की आजही ओट्यावर येऊन बसलेली पुंजाजीसकट सगळी म्हातारी मंडळी एकदम कडुनिंबाची पानं मोजायला लागली.

खरी मेख तिथंच होती. पुंजाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस, सभेत समतेवर बोलायला पहिला. पण घरात रीत ती रीत. वर्षभरात तो गंगूशी थेट एक शब्द बोलला नव्हता. पाणी हवं असलं की दारात खाकरायचा, आणि ही पदर कपाळापर्यंत ओढून तांब्या ठेवून यायची. त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं नाचायचं म्हणजे काय, हे गंगूला कोणी सांगायला नको होतं. रीत मोडायची भीती तिला होतीच, पण पाय उंबऱ्याच्या आत राहतील याची भीती त्याहून मोठी होती.

चौदा तारखेला दुपार उतरल्यावर मिरवणूक निघाली. निळे झेंडे, गुलाल नाही पण फुलंच फुलं, आणि पुढं वहाबचा ढोल. विहारासमोर अकरा जणी रांगेत उभ्या राहिल्या. कोणीच पदराला हात लावेना. सगळ्या गंगूकडे बघत होत्या. गंगूनं डोळे मिटले, डोक्यावरचा पदर खाली ओढला, छातीवरून घेऊन कमरेला करकचून खोचला. शेजारी भागिरथानं खोचला. मग मागं सर्रकन आवाज होत गेला.

"वहाबभाई, वाजवा!"

काय सांगावं! आठ संपायचा आणि पाय हवेत असायचा, ढोल घुमायचा आणि पाय धरणीवर यायचा. एक आवर्तन झालं, पाच झाली, दहा झाली, रांग सुतासारखी सरळ. चकत्यांचा खळखळाट एका आवाजात उठत होता. बघे शिट्ट्या मारायला लागले, पोरं ओट्यांवर चढली. वहाब दात काढून हसत होता आणि अंगात आल्यासारखा वाजवत होता. वारा गंगूच्या मानेला लागत होता, केसांतून जात होता. इतका आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे कबूल करायला तिला त्या घडीला लाज वाटली नाही.

चौक आला. आता थोडंच राहिलं होतं. देवमन लेझिमा घ्यायला पोरं घेऊन कोपऱ्यावर उभाच होता.

आणि गर्दी दुभंगली. समोर, पाच हातांवर, पांढऱ्या धोतरातला पुंजाजी उभा होता. थेट तिच्याकडे बघत होता.

सात. लेझीम वर गेली. आठ. ती बैठकीतून उठली आणि वर्षभराची सवय हातात उतरली. उजव्या हाताची मूठ सैल झाली, बोटं कमरेच्या पदराकडे निघाली. शेजारी भागिरथाचा हातही ढिला पडला. मागच्या नऊ जणींचे डोळे या दोघींच्या हातांवर होते.

"हात सोडू नोको, गंगू!" पुंजाजी ढोलाच्याही वर आवाज चढवून ओरडला. "पदर राहू दे, ठोका जाईन!"

गंगूची मूठ मिटली. पाय हवेत होताच. ढोल वाजला आणि अकराच्या अकरा पाय नेमके 'एक'वर पडले.