दुधाच्या दाढा

शाळेच्या फोटोच्या दिवशी मुलांना हसवता हसवता फोटोवालीच्या नाकी नऊ यायचे. या वर्षी दुसरीच्या वर्गाने मात्र ती वेळच येऊ दिली नाही. मुलं तीन रांगांत उभी राहिली, तिने दिव्याची छत्री जरा तिरकी केली, "आता सगळ्यांनी," एवढंच म्हणाली, आणि जवळजवळ अख्ख्या वर्गाने आपणहून तोंडं उघडली. फ्लॅश पडला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघताना तिला वाटलं, लेन्सला काहीतरी लागलंय. मुलांच्या तोंडांत पांढरे ठिपके चमकत होते.

तिने लेन्स पुसली आणि पुन्हा फोटो काढला. ठिपके तिथेच. मग तिने फोटो मोठा करून पाहिला. दाढा होत्या. स्टीलच्या.

"तोंडात काय रे तुझ्या?" तिने पुढच्या रांगेतल्या मुलाला विचारलं.

"टोपी," तो म्हणाला. "डॉक्टरांनी घातली. माझ्या चार आहेत. हिच्या सहा."

"आठ," शेजारची मुलगी म्हणाली, आणि बघायला मिळावं म्हणून तिने गालात बोट घालून तो ताणून दाखवला.

मागच्या रांगेतला एक मुलगा ओठ घट्ट मिटून उभा होता. फोटोवालीने त्याला हसायला सांगितलं तर त्याने तोंडावर हात धरला आणि काही केल्या काढला नाही.

"बरं झालं हो," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आता किडायची भीती नाही. सगळं पॉलिसीत झालंय, आईबापांच्या खिशाला झळ नाही."

फोटोवालीच्या नवऱ्याची पॉलिसीही तीच होती. तो बाटल्या भरायच्या कारखान्यात यंत्रावर होता आणि गावातले निम्मे आईबाप त्याच कारखान्यात होते. गेल्या वर्षी कारखान्याने दातांचा विमा सुरू केला. मोठ्यांना नुसती सफाई, पण बारा वर्षांखालच्या मुलांचे सगळे उपचार फुकट. अट एकच, वर्षातून दोनदा तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर मुलाचं नाव पॉलिसीतून निघणार. विमा सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत कारखान्याच्या फाटकासमोर नवा दवाखाना उघडला. 'किडण्याआधीच बंदोबस्त', असं काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. तिथलेच डॉक्टर शाळेत शिबिर घेऊन गेले. फोटोवालीच्या थोरल्या जावेला तिथे नावं नोंदवायचं काम मिळालं, तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याजवळ विषय काढला.

"एवढ्या मुलांच्या दाढा एकदम कशा काय किडतात?"

"गोड खातात."

"आपण नव्हतो खात?"

"मग आपल्या किडल्याच की. ही बघ." त्याने आ वासला. तिशी ओलांडायच्या आतच त्याच्या निम्म्या दाढा गेल्या होत्या. लहानपणी दाढ ठणकली की त्याची आई मिठाच्या गुळण्या करायला लावायची, आणि त्यानेही भागलं नाही की बाप त्याचं बखोट धरून दात उपटणाऱ्याकडे न्यायचा. तो अजून एकाच बाजूने चावायचा. पॉलिसीचं कार्ड त्याने पाकिटात लेकीच्या फोटोमागे ठेवलं होतं.

"माझ्या तोंडाचं जे खिंडार झालं ते हिच्या तोंडाचं होऊ देणार नाही मी," तो म्हणाला. "शनिवारी तपासणी आहे तिची. माझी पाळी आहे, तूच घेऊन जा."

लेक सात वर्षांची. वरचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते, चांगले रुंद, ओठांत न मावणारे, म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणायचे. दाढ दुखते म्हणून ती कधी रडली नव्हती. तिला दात घासून द्यायचं काम बापाचं, आणि तो भांडं घासावं तसे घासायचा.

शनिवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. भिंतीवरच्या टीव्हीवर कार्टून चालू होतं, पोरं खाली सतरंजीवर बसून ते बघत होती, आया मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. जावेने काउंटरमागून हात केला आणि खारूचं नाव वर घेतलं.

"आई बरोबर असली की मुलं लाडात येतात," असं म्हणून डॉक्टरांनी खारूला एकटीलाच आत नेलं. तरुण होते, आवाज एकदम मऊ. थोड्या वेळाने त्यांनी फोटोवालीला शेजारच्या छोट्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर एक फोटो दाखवला. वरच्या जबड्याचा होता, खालून घेतलेला. मागच्या दाढांमध्ये काळे खड्डे होते.

"चारही दाढा गेल्यात, मॅडम," ते म्हणाले. "वरून दिसत नाही. कीड आत दाढेच्या नसेपर्यंत पोचायला आलीय."

"पण ती कधी दुखतंय म्हणाली नाही."

"तीच तर भीती असते. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. आजच करून टाकू. आज सोडलं तर पुढची वेळ दोन महिन्यांनी मिळेल, आणि तोवर नवे दातही खराब निघतील."

नवे दात म्हटल्यावर तिला नवऱ्याचा वासलेला आ आठवला. फोटोत काहीतरी खटकत होतं, पण काय ते तिला सांगता येईना, आणि डॉक्टर पेन पुढे करून उभे होते. तिने सही केली.

ती बाहेर येऊन बसली. आतलं दार लागलं. त्याला बाहेरून मूठ नव्हती, नुसतं किल्लीचं भोक होतं. जावेने काउंटरवरचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पोरांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

फोटोवाली टीव्हीच्या पडद्याकडे बघत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे तोच जबडा होता. फोटो बघायची तिची सवय पोटापाण्याची. आधी कडा बघायच्या, कुणाचा कान कापला गेला का, कुणाचा हात अर्धा आला का. त्या फोटोच्या वरच्या कडेला पुढचे दात आले होते. बारके, एकसारखे, तांदळाच्या दाण्यांसारखे. सगळे दुधाचे.

ती उठली आणि दारावर थाप मारली. आतून उत्तर आलं नाही. यंत्राची घरघर तेवढी चालू होती, आणि टीव्हीच्या आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज होता.

"ताई, दार उघडा."

"अगं, असं मधेच नाही उघडत," जाऊ म्हणाली. "डॉक्टर रागावतात. होईल आत्ता, बस."

"किल्ली कुठे आहे?"

जावेची नजर काउंटरच्या ड्रॉवरकडे गेली आणि लगेच परत आली.

"ताई, तो फोटो खारूचा नाही. किल्ली द्या."

आता बाकावरच्या आया बघायला लागल्या होत्या. जावेने ड्रॉवर ओढला, किल्ली काढली, पण ती मुठीतच धरून उभी राहिली. फोटोवालीने तिची बोटं एकेक करून उघडली. जावेने हात मागे घेतला नाही.

आत खारू एका फळीवर उताणी बांधलेली होती. छातीवरून, हातांवरून, गुडघ्यांवरून रुंद निळे पट्टे आवळलेले. दातांत रबराचा ठोकळा घातला होता, त्यामुळे तिला तोंड मिटता येत नव्हतं. रडून रडून तिचं रडणं संपलं होतं. नाकातून नुसता सूं सूं आवाज येत होता आणि डोळे छताला लागले होते.

"मॅडम, बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी यंत्र बंदही केलं नाही.

"तो फोटो माझ्या मुलीचा नाही. तिचे पुढचे दोन दात पडून नवे आलेत. त्या फोटोत दुधाचे आहेत."

डॉक्टरांनी खारूच्या तोंडाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"मशीनमध्ये कधी कधी फोटो मागेपुढे होतात," ते म्हणाले. आवाज तसाच मऊ. "पण उपचार बरोबर आहेत."

"पट्टे सोडा."

"एक दाढ कोरून उघडी केलीय. अर्धवट सोडलीत तर पू होईल. मग जबाबदारी तुमची."

"माझीच आहे. सोडा."

ते हातमोजे घातलेले हात वर धरून नुसते उभे राहिले. मग तीच पट्टे सोडवायला लागली. घाईत बक्कल निघेना. पायांकडचा पट्टा कुणीतरी सोडवत होतं म्हणून तिने वळून पाहिलं, तर जाऊ होती. खाली मान घालून तिने पट्टा सोडवला आणि खारूच्या पायात बूट चढवले. लेकीला कडेवर घेऊन फोटोवाली बाहेर पडली तेव्हा बाकावरच्या दोन बायका आपापल्या मुलांना हाताला धरून उठल्या होत्या. बाकीच्या बसून होत्या. टीव्हीवर ससा कोल्ह्याच्या मागे धावत होता.

गावाच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे पॉलिसी चालत नसे, म्हणून तिकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी खारूला आईच्या मांडीवर बसवूनच तपासलं. तिने तोंड उघडायलाच बराच वेळ घेतला, तेवढा वेळ बाई हातात छोटा आरसा धरून गप्प बसून राहिल्या.

"बाकीच्या दाढा छान आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "एकही किडलेली नाही."

"आणि ही?"

"हीसुद्धा नसावी. पण आता सांगता यायचं नाही. सांगण्यासारखं त्यात काही ठेवलेलंच नाही." त्यांनी आरसा खाली ठेवला. "हिला टोपी घालावीच लागेल. दुसरा इलाज नाही."

म्हणजे खारूच्या तोंडातही एक टोपी आलीच. बाईंनी सांगितलं की मागे नव्या दाढा आल्या की त्यांच्या खाचा भरून घ्या म्हणजे कीड धरणार नाही, झोपायच्या आधी दात घासा, आणि घासल्यावर काही खायला देऊ नका. बस, एवढंच. नवऱ्याने विमा कंपनीला फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की खाचा भरणं पॉलिसीत बसत नाही. टोप्या बसत होत्या, कितीही, आणि लहान मुलांच्या टोप्यांना आधी परवानगी लागत नव्हती.

फोन ठेवल्यावर पाकिटातून कार्ड काढून त्याने टेबलावर उपडं ठेवलं.

"मीच पाठवलं तिला," तो म्हणाला.

"सही मी केली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. त्याला वाटलं होतं लोक पेटून उठतील. काही उठलेही. कारखान्याच्या कचेरीत तक्रार गेली, विमा कंपनीची एक बाई चौकशीला आली, चार घरांत जाऊन मुलांची तोंडं बघून गेली. पण पुष्कळांना ते ऐकायचंच नव्हतं. ज्या मुलीच्या आठ टोप्या होत्या, तिचा बाप त्याच्याच शेजारच्या यंत्रावर होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या पोरीच्या दाढा किडल्याच होत्या. मी फोटो पाहिलाय." त्यानंतर तो नवऱ्याशी बोलेनासा झाला.

चौकशीची बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. काचेवरची अक्षरं कुणीतरी खरवडून काढली होती. शेजारचा चाव्या बनवणारा म्हणाला, एक टेम्पो आला होता, खुर्ची, यंत्रं, सगळं चढवलं, डॉक्टर स्वतः उभे राहून नीट बांधून घेत होते, फार सभ्य माणूस.

जाऊ त्या शनिवारपासून घरी आली नव्हती. ती आली ते एका रविवारी रात्री, आणि पाणीसुद्धा न घेता खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मला ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली. "आत मला येऊच द्यायचे नाहीत."

फोटोवाली तिच्यासमोर बसली.

"नाही, असं नाही," जाऊ म्हणाली. "ऐकू यायचं. टीव्ही मोठा कर, असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. नंतर मीच करायला लागले. मला वाटायचं, दाताच्या दवाखान्यात पोरं रडणारच." तिने पर्समधून मोबाइल काढला. "काल डॉक्टरांचा फोन आला होता. दुसरीकडे जागा बघितलीय म्हणे. तिथेही नवीन विमा सुरू झालाय, मुलं भरपूर आहेत. येतेस का, विचारत होते. पगार वाढवून देतो म्हणाले."

"मग?"

"कुठे ते विचारलं. आलीस की सांगेन म्हणाले." जावेने मोबाइल पुढे केला. "नंबर आहे. त्या चौकशीच्या बाईंना देतेस का? मला त्यांच्याशी बोलायचं धाडस होत नाही."

फोटोवालीने नंबर लावून पाहिला. तो बंद होता. तरीही तिने तो बाईंना कळवला. त्या म्हणाल्या, बघतो, पण अशा नावाचा डॉक्टर आमच्या यादीत आता नाही. नाव दुसरं असेल, फोटोवाली म्हणाली. असू शकेल, बाई म्हणाल्या.

आत न्हाणीघरात नवरा लेकीच्या समोर उकिडवा बसला होता. ब्रशवर पेस्ट घेऊन बराच वेळ झाला होता. त्या शनिवारपासून खारू जेवायची, बोलायची, भांडायचीही, पण कुणी तोंडाजवळ हात नेला की तिची दातखीळ बसायची. रोज तो असाच बसायचा, आणि रोज शेवटी ब्रश धुऊन ठेवायचा.

"बाबा," ती मिटल्या दातांनी म्हणाली, "ब्रश मी धरणार."

"धर."

"तू हात लावायचा नाही."

"नाही लावत."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. खारूने ब्रश घेतला, त्याच्या हातांकडे एकदा वाकून बघितलं, आणि ओठ थोडे उघडले. पुढचे दोन दात तिने घासले. मागच्या दाढांकडे जायच्या आधी ती थांबली. जाऊ अजून बाहेर बसलीच होती. बापाने हात हलवले नाहीत.