भिकनचा हुंकारा

"साहेब, तुम्ही त्या वर्गात एक दिवस बसला नाहीत, आणि शेरा मारून मोकळे झालात," भिकन म्हणाला. "'वर्गात बेशिस्त, शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवू नये.' हे कशाच्या जोरावर लिहिलं?"

सत्त्याऐंशी सालचा जुलै, भिकन सुट्टीवर घरी आलेला. धुळ्याच्या शिष्यवृत्तीच्या कचेरीत असं कुणी बोलत नसे. लोक दाराशी चपला काढत, मान खाली घालून आत येत आणि तशीच खाली घालून बाहेर पडत. साहेबांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग भिकनकडे.

"दोन वर्षं रशियात काय राहिलास, जीभ लांब झाली. तुझ्याच सोबतच्या भारतीय मुलांची तक्रार आहे. सकाळच्या तासाला तू तोंडाने आवाज काढतोस. नाही म्हण."

"काढतो."

"मग झालं तर."

"आवाज कसला, ते तरी विचारा."

साहेबांनी विचारलं नाही. मागे उभे असलेले भिकनचे वडील, वना आबा, न राहवून म्हणाले, "हुंकारा शे साहेब तो. आमना गावमा बठ्ठा लोक देतस."

"तुम्ही मध्ये बोलू नका, आबा."

आबा एक पाऊल मागे सरले. पण भिकन थांबणारा नव्हता.

पारोळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी शेंगा फोडायला माणसं ओट्यावर बसत. भर दुपार, पोटात भाकर, डोळे जड. झोप पळवायला शेजारची मंजुळाबाई गोट सांगायला घेई. गोट म्हणजे गोष्ट. ती सांगायची तर एकाने दर वाक्याला 'हूं' म्हणायचं, हा रिवाज. हुंकारा थांबला की मंजुळाबाईही थांबे. राजाला विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत ठेवून सरळ उठून जाई. आणि न ऐकता कुणी नुसताच हुंकारा दिला, तर ती हात थांबवून विचारी, "काय सांगं मी आते?" सांगता आलं नाही की चहूकडून टरफलांचा मारा होई. भिकन टरफलांचा मार खाऊन खाऊनच तयार झाला होता. पुढे पुढे मंजुळाबाई म्हणे, "भिकन नही तं गोट नही."

असा हा भिकन शिष्यवृत्तीवर रशियात शेतीशास्त्र शिकायला गेला. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी खरे वर्ग सुरू झाले, तेही सकाळी आठला. हिवाळ्यात आठ म्हणजे बाहेर मिट्ट काळोख, खिडकीवर बर्फ, आणि आत गरम पाण्याच्या नळांची अशी ऊब की आईच्या पदराखाली बसल्यासारखं वाटावं. माती हा विषय शिकवायला वालेंतिना पेत्रोव्ना नावाच्या वयस्कर बाई. आवाज संथ. अर्धा वर्ग पाचव्या मिनिटाला पेंगत असे. भिकनचेही डोळे मिटायला लागले. काळ्या मातीत पाणी कसं मुरतं, ते बाई सांगत होत्या. आणि त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "हूं."

बाई थांबल्या. पोराला शंका आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा, जरा सोपं करून सांगितलं.

"हूं," भिकन म्हणाला.

बाईंनी खडू घेऊन आकृती काढली.

"हूं."

वर्ग हसायला लागला. भिकनची झोप मात्र पार उडाली होती. त्या तासाला माती त्याला जशी कळली तशी बापाच्या शेतात राबूनही कळली नव्हती. तो रोज हुंकारा द्यायला लागला, नि बरोबरची आपली पोरं रोज लाजेने लाल व्हायला लागली. त्यातला मोतीलाल नावाचा एक मोठ्या शहरातला पोरगा म्हणाला, "अरे, गोठ्यातून आलास का? देशाची लाज काढतोस." मग तक्रार झाली, आणि ती कागदावर चढून धुळ्यापर्यंत आली.

भिकनने भिऊन तोंड बंद केलं. व्हायचं तेच झालं. एके सकाळी पहिल्याच बाकावर त्याचं डोकं लाकडावर आपटलं.

तास संपल्यावर बाईंनी त्याला थांबवून घेतलं. "आवाज काढायचास तेव्हा तू जागा असायचास. आता काय झालं?"

त्याने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सगळं सांगितलं. शेंगा, मंजुळाबाई, लोंबकळणारा राजा, टरफलं. टरफलांवर बाई खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून बोल. पण कळलं नाही तर गप्प राहायचं. खोटं 'हूं' मला चालणार नाही. मीही विचारीन, काय सांगितलं म्हणून."

तेव्हापासून भिकन गप्प राहिला की बाई तेच पुन्हा समजावून देत. त्याच्या मागे बसणारी व्हिएतनामची पोरं, ज्यांची भाषा त्याच्याहून कच्ची, ती हळूच त्याच्या पाठीत बोट खुपसत: गप्प राहा, आम्हाला कळलं नाही. वर्षाअखेरीच्या तोंडी परीक्षेत मातीला त्याला वरचा शेरा मिळाला, आणि मोतीलालला परत बसावं लागलं.

हे सगळं भिकनने साहेबांपुढे मांडलं. एक शब्द गाळला नाही, आवाज खाली आणला नाही. बोलताना त्याच्या लक्षात आलं, मागे आबा दर वाक्याला 'हूं' म्हणत होते. हळू, पण ठाम. साहेबांनी दटावूनही म्हणत होते.

साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला होता. तो पीत ते म्हणाले, "हं. तर तुझं काय काम होतं?"

आबांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. "साहेब, आमना ओट्यावर राहता तं अंगभर टरफलं व्हतात तुमना," ते म्हणाले. दाराशी उभा शिपाई तोंड फिरवून हसला.

"बाहेर व्हा. बघू. कळवू," साहेब कागद सारत म्हणाले.

आबा हलले नाहीत. पोराच्या मागे उभे होते ते आता त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. या कचेरीत वना आबांची मान आजवर एवढी वर कधी झाली नव्हती.

भिकनने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"कळवू नका, आत्ता सांगा. सप्टेंबरला आमचे तास सुरू होतात. त्या पहिल्या बाकावर बसायला मी निघू की नको?"