शेजार नसलेली घरे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. औरंगपुऱ्यात, वास्तुविशारद इंद्रजीत सरांच्या कार्यालयात, टेबलाखाली माझा मुक्काम असतो. अजून बांधली न गेलेली घरे मी बांधल्यासारखी दाखवतो. लोक त्या चित्रांना ‘थ्रीडी’ म्हणतात.

माझे भाग कुठकुठल्या देशांतून आले, मला ठाऊक नाही. ते जुळवले इलियासभाईंनी, शहागंजातल्या त्यांच्या दुकानात. शेवटचा स्क्रू आवळून ते म्हणाले होते, “ये तो हत्ती है, सर. फक्त आत धूळ साचू देऊ नका.” पहिले वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले.

तनुजा नावाची मुलगी माझ्यावर काम करते. ती घराचा राखाडी सांगाडा उभा करते, त्यावर रंग, फरशी, काच चढवते आणि सूर्य मांडून माझ्या स्वाधीन करते. मग मी एकेका किरणाचा माग काढतो. भिंतीवर आपटून तो फरशीवर उतरतो, फरशीवरून छताकडे जातो. पडद्यावर आधी नुसती ठिपक्यांची वाळू दिसते; तासातासाने त्या वाळूतून घर वर येते.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. पण माझ्या चित्रांत कायम एकच सोनेरी वेळ असते. भर मे महिन्यात हिरवळ ओली असते. या शहरात कधीच न आलेली, लांब कोट घातलेली माणसे दारावरून चालत जातात आणि कुणालाही घाम येत नाही. छतावर काळी टाकी नसते, वाळत घातलेले कपडे नसतात. आणि शेजार तर नसतोच. शेजार चित्रात दाखवायचा नाही, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. प्रत्येक घर माळावर उभे असल्यासारखे एकटे. मित्रांनो, सौंदर्याचाही शीण येतो. पंख्यात धूळ दाटत गेली, मी तापू लागलो, आणि कौतुकाच्या जागी “आजकाल लई स्लो झालाय हा” असे ऐकू येऊ लागले.

अशातच साहेबराव आणि सरूबाई हे पैठणकडचे जोडपे आले. जुन्या वस्तीतले आपले घर पाडून ते त्याच जागेवर नवे बांधत होते. पाया भरून झाला होता, आठवड्यात भिंती चढायच्या होत्या. सरूबाई गोधड्या शिवतात. डोळे अधू झालेले. त्यांनी एकच मागणी केली होती, “मला खिडकीत उजेड पायजे, पोरी. लाईटीत धागा दिसत नाय.”

त्यांच्या मागच्या खोलीचे चित्र मी काढले. खिडकीतून ऊन नुसते ओसंडत होते. ते पाहायला सरूबाईंनी घरामागेच राहणाऱ्या शेजारीण जाहेदाबींनाही आणले होते. जाहेदाबींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि त्या खळखळून हसल्या.

“अरे वा! हमारा घरच गायब! सरूबाई, न विचारता पाडलं की काय आमचं?”

“मी कशाला पाडू? ह्या मशीनला विचार,” सरूबाईही हसल्या. मग त्यांचे हसू हळूहळू विझले. “व्हय की गं. खिडकीसमोर तर तुझी माडी हाय. मग हा उजेड आला कुठून?”

“मावशी, चित्रात शेजार दाखवत नाहीत. सगळीकडे अशीच पद्धत आहे,” इंद्रजीत सर म्हणाले.

“पद्धत असंल. पर मी बसणार खोलीत, चित्रात नाय.”

तनुजाने सरांकडे पाहिले. “सर, भिंती चढल्यावर काहीच बदलता येणार नाही. खरं काय ते आजच बघू.”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

तनुजाने चित्रात जाहेदाबींची माडी उभी केली, सूर्य जिथे असतो तिथे नेला. माझा पंखा घरघरू लागला. दुपार उलटली तेव्हा वाळूतून एक अंधारी खोली वर आली. सरूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, अनोळखी माणसाकडे पाहावे तशा.

“समोरच्या बैठकीच्या खोलीत तुम्ही बसलात तर?” तनुजाने विचारले. “ती गल्लीकडे उघडते. बैठक मागं नेऊ.”

“म्हंजी पाहुणे अंधारात बसवायचे?” साहेबराव उसळले. “लोक काय म्हणतील?”

“पाहुणे चहा पिऊन जातील. मी दिवसभर बसणार हाय.”

“जाऊ द्या भाईसाब,” जाहेदाबी म्हणाल्या, “अंधारात पाहुणे लवकर उठतात.”

साहेबरावांना हसू आवरले नाही. “कर बाई, कर.”

तनुजाने खोल्यांची अदलाबदल केली आणि मला पुन्हा कामाला लावले. ऊन थोडेच आले, पण गल्लीतल्या आभाळाचा उजेड फरशीवर पसरू लागला. चित्र अर्ध्यावर असताना मी तापून अडखळलो, वाळू निवळेना. तनुजा ते पुन्हा सुरू करणार, तोच सरूबाईंनी पडद्यावर, खिडकीजवळच्या फरशीवर बोट टेकवले. तिथे ठिपक्याठिपक्यांचा, खरबरीत, पण खरा उजेड होता.

“ऱ्हाऊ दे. धागा ओवण्यापुरता हाय.”

मित्रांनो, माझ्या जागी नवा संगणक येणार आहे. त्याची धूळ वेळच्या वेळी झाडा, त्याला विसावा द्या. दमलेल्याला मंद म्हणून हिणवू नका. आणि त्याच्याकडून घराचे चित्र काढून घेताना शेजाऱ्याची भिंतही दाखवायला सांगा. ऊन तिला वळसा घालूनच आत येते. गल्लीकडच्या त्या भिंतीत परवा खिडकीची चौकट बसली, असे तनुजा म्हणाली. ती मी कधी पाहणार नाही. पण ती बसली, एवढे मला पुरे आहे.