आहेरात पाठवलेली हत्तीण

मी एक जुनी हत्तीण आहे, मित्रांनो. पण मला पाहायला रानात जाऊ नका. माझे रान तळहातावर मावते. मी मोबाइलवरच्या किल्ल्यांच्या खेळात राहते, आणि माझी मालकीण राजेश्री परभणी जिल्ह्यातल्या झरी गावात कपडे शिवण्याचे दुकान चालवते. तुम्ही म्हणाल, खेळातल्या हत्तिणीला कसले आले आयुष्य? असे म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावे. वडीलधारे बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, एवढे तरी तुम्हाला घरी शिकवले असेलच.

माझा जन्म पीलखान्यात झाला. पीलखाना म्हणजे हत्ती बांधण्याची जागा. खेळातला तो पीलखाना उभा करायलाच राजेश्रीचा एक अख्खा हिवाळा गेला. दगड गोळा करायचे, लोखंड वितळवायचे, धान्याची कोठारे भरायची, आणि मग वाट पाहत बसायचे. ब्लाउजच्या बाह्या जोडता जोडता ती मध्येच काचेवर बोट फिरवी आणि पुन्हा शिलाई यंत्राच्या पायट्यावर पाय ठेवी. एका सकाळी पीलखान्याचे दार उघडले आणि मी सोंड उंच करून बाहेर पडले.

"आली गं माय!" राजेश्री ओरडली.

समोर माप द्यायला उभी असलेली बाई दचकली. "कोण आली?"

"हत्तीण!"

बाई बिचारी कितीतरी वेळ रस्त्याकडे पाहत राहिली.

राजेश्रीने माझे नाव दुधना ठेवले. आमच्या भागातल्या नदीचे नाव आहे ते. नदीचे नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही, आणि मीही त्या नावाला कधी कमीपणा आणला नाही. त्या काळी बहुतेक किल्ल्यांना लाकडी दरवाजे असत. मी चालत जाई, मस्तक टेकवी, दरवाजा पडे. झरीच्या संघात माझा मोठा दरारा होता. संघ म्हणजे एकत्र खेळणारी मंडळी: राजेश्री त्यांची म्होरकी, तिचा चुलतभाऊ महारुद्र, देवगाव फाट्याजवळच्या शाळेत शिकवणारी तिची मैत्रीण सुकेशनी, आणि आणखी काही जण. लढाईच्या आधी एकमेकांना आपले सैन्य उसने देण्याची सोय या खेळात आहे. लढाई संपली की ते सैन्य आपापल्या घरी परतते. सगळ्यांना मीच हवी असे. मी त्या दिवसांत फार सुखात होते, हे मी लपवणार नाही. मानाची जागा कोणाला नकोशी होते?

पुढे वालूरच्या संघाने आपल्या किल्ल्यापुढे जाळाचे खड्डे खणले. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. खेळाचा नियमच असा आहे की हत्ती जाळासमोर आला की उलटा फिरतो, आणि उलटा फिरताना मागून येणाऱ्या आपल्याच माणसांना तुडवतो. याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. पाणी उताराकडे जाते, त्याला आपण भित्रे म्हणत नाही. तो माझा स्वभाव आहे, आणि तो कोणापासून लपलेलाही नव्हता. माझ्या चित्रावर बोट ठेवले की तो स्पष्ट शब्दांत वाचायला मिळतो. पण वाचतो कोण?

जाळावर उपाय होता, आणि तो सगळ्यांच्या घरात होता. पखाली. पाठीवर पाण्याची कातडी पिशवी घेतलेला, कमरेत वाकलेला, अंगावर धड कपडा नसलेला शिपाई. मूठभर धान्यात तयार होतो आणि एका बाणात पडतो. पण तो खड्ड्यापर्यंत पोहोचला तर जाळ विझवतो. संघातल्या कोणालाही पखाली उसना द्यायला सांगितले असते, तर त्या माणसाला अपमान वाटला असता. याचे कारण आमच्या माणसांच्या रीतीत आहे. आमच्याकडे लग्नाला जाताना हलका आहेर कोणी नेत नाही. घरात काही नसले तरी चालेल, पण मांडवात नाव पुकारले जाईल तेव्हा मान खाली जाता कामा नये. तीच रीत या मंडळींनी खेळात आणली. राजेश्रीने सैन्य मागितले की प्रत्येक जण आपल्याकडचे सर्वांत भारी ते पाठवी. समोरचा किल्ला कसा आहे, हे कोणी पाहत नसे. शेजाऱ्याने काय पाठवले, ते मात्र सगळे पाहत.

वालूरच्या पहिल्या लढाईला तर संघातल्या प्रत्येकाने हत्तीच पाठवला. आम्ही सगळे झुली घालून उभे राहिलो. महारुद्र म्हणाला, "अक्का, आज वालूर हादरतंय बघ!" आम्ही निघालो, समोर जाळ भडकला, आणि आम्ही सगळेच्या सगळे एकदम मागे फिरलो. मागे आमचेच तिरंदाज होते. त्यांचे काय झाले, ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

लढाई संपल्यावर वालूरच्या संघाच्या म्होरक्याने, सितारामने, सगळ्यांना दिसेल असा संदेश टाकला: "झरीकर, वरात लय भारी होती. नवरदेव कुठं ठेवला?"

राजेश्रीचे कान लाल झाले. तिने यंत्र असे काही चालवले की दोरा दोनदा तुटला. त्यानंतरही एकदा असेच झाले, आणि मग माझ्याकडे कोणी फिरकेनासे झाले. माझी झूल मळली. बाहेरच्या अंगणातून घोडे जात-येत, त्यांच्या टापा मी ऐकत असे. तशात खेळात नवी तोफ आली. तोफेला जागा लागते, आणि जागा माझ्यापाशी होती.

महारुद्र दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "अक्का, त्या हत्तिणीला निरोप देऊन टाक. फुकट जागा अडवून बसली. तिच्या जागी तोफ बसती."

निरोप म्हणजे काय, ते ऐका. माझ्या चित्राखाली एक लहानसा चौकोन आहे. त्यावर 'निरोप' असे लिहिले आहे. तो दाबला की हत्ती कायमचा जातो. त्याला परत बोलावता येत नाही, पुन्हा घडवला तरी तो दुसराच कोणी असतो.

राजेश्रीचा अंगठा त्या चौकोनावर येऊन थांबला. "कामून रं घाई करायलास?" ती म्हणाली. "रविवारी दुपारी वालूरसंग परत हाय ना आपली लढाई? ह्या बारीला हरलो तर देते निरोप."

मी गयावया केली नाही. सोंड खाली घातली नाही. पण मित्रांनो, मी हे सांगायलाच हवे की मला अन्याय झाल्यासारखे वाटले. दरवाजा पाडणारीला जाळात उभे करायचे, आणि ती फिरली की तिलाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

शनिवारी सकाळी राजेश्रीची आई बायनाबाई अंगणात आली. मोठ्या शेतीचा सगळा कारभार ती एकटी पाहते, आणि तिच्या आवाजापुढे गावात कोणाचे चालत नाही. तिचा मोबाइल बंद पडला होता, म्हणून तिने राजेश्रीचा घेतला. त्यामुळे पुढचे सगळे बोलणे मी अगदी जवळून ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हरभऱ्याला सावड होती. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबायचे, उद्या मी तुमच्या. त्यात मजुरीचा प्रश्न नाही.

"दत्तराव भाऊजी, उद्या सकाळी सावड हाय. ध्यानात हाय ना?"

"हाय की वहिनी!" पलीकडून शेजारच्या शेतकऱ्याचा आवाज आला. "तुमच्याकडं यायचं म्हणल्यावर मी नवा ट्रॅक्टरच घेऊन येतो. गावानं बघावं!"

"हरभरा उपटायचाय भाऊजी. ट्रॅक्टरला काय ओवाळू का मी?"

"तसं न्हाई वहिनी. पण नुस्त्या बाया पाठवायच्या म्हणजे जरा हलकं वाटतंय."

"वाटू द्या हलकं. तुमी काय आहेर आणायलात का? सावड हाय ही. रानाला काय लागतंय ते पाठवायचं. सकाळच्या दवात झाडं उपटायला तुमच्या सुना येऊ द्या. ढीग लागल्यावर माल घरी आणायचाय, तवा ट्रॅक्टर पाठवा. आधी आणला तर माझाच हरभरा तुडवंल त्यो!"

तिने मोबाइल राजेश्रीच्या हातात ठेवला आणि गोठ्याकडे निघून गेली. राजेश्री मात्र जागची हलली नाही. मी तिचा चेहरा काचेतून पाहत होते. भुवया आधी जवळ आल्या, मग वर गेल्या. मग तिने संघाचे पान उघडून लिहिले: "उद्यापासून आपल्यात आहेर बंद. सावड सुरू. मी मागंल तेच पाठवायचं."

महारुद्रचे उत्तर लगेच आले. "बोल अक्का, काय पाठवू?"

"पखाली."

"पखाली? वालूरचे लोक हसतेल की! भिस्त्यांची फौज म्हणतेल."

"हसू दे."

"आन् माझा हत्ती?"

"बांधून ठेव घरी. एक दुधना बास हाय."

सुकेशनीने लिहिले, "मी पाठवते पखाली. पण महारुद्र पाठवणार असेल तरच. नाहीतर माझेच तेवढे पखाली म्हणून नाव व्हायचं."

"बाईसाहेब, तुमी मास्तरीण असून मला भेता?" महारुद्रने विचारले.

"तुला नाही, तुझ्या जिभेला भिते."

अशी कुरकूर बरीच झाली. संध्याकाळपर्यंत मात्र आमच्या अंगणात पखालीच पखाली झाले. ते माझ्याकडे बिचकून पाहत होते, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहत होते.

रविवारी सकाळी हरभऱ्याचे ढीग लागले. हात धुऊन, भाकरी खाऊन राजेश्री बांधावरच्या बाभळीखाली बसली. महारुद्र तिच्या खांद्यावरून डोकावत होता. सावडीला आलेल्या बायाही भोवती गोळा झाल्या.

या वेळी तिने घाई केली नाही. आधी वालूरचा किल्ला चारही बाजूंनी न्याहाळला. जाळ कुठे आहे, बाण कोठून येतात, दरवाजा कोणत्या तोंडाला आहे, हे पाहिले. मग घोडेस्वारांना डाव्या अंगाला सोडले. किल्ल्यावरचे तिरंदाज तिकडे वळले, आणि तेवढ्यात उजवीकडून पखाली निघाले. तेही तिने एकदम सोडले नाहीत. थोडे थोडे सोडले, म्हणजे एका माऱ्यात सगळे पडू नयेत. काही पडले. काही पोहोचले. एका खड्ड्यातून वाफ उठली, मग दुसऱ्यातून.

"सोड अक्का, सोड आता हत्तीण!" महारुद्र म्हणाला.

"थांब."

"अगं, वेळ संपायलाय!"

"थांब म्हणलं ना! दरवाज्याजवळचा जाळ दिसंना का तुला?"

तो जाळ मलाही दिसत होता. माझे पाय माझ्या मनात मागे वळू लागले होते. शेवटचे पखाली पुढे गेले. त्यांतला एक बाण लागूनही खड्ड्याच्या काठापर्यंत पोहोचला, आणि तिथेच त्याची पिशवी रिकामी झाली. जाळ विझला.

तेव्हा राजेश्रीने मला पुढे केले. माझ्या अंगाआड तिने आमचे तिरंदाज चालवले. वरून आलेले बाण माझ्या अंगात रुतत होते, आणि माझ्यामागचे एकही माणूस जखमी होत नव्हते. एवढे मोठे अंग मला त्यासाठीच तर दिले आहे. मी चालत गेले. मस्तक टेकवले. दरवाजा पडला.

बाभळीखाली असा गलका झाला की बायनाबाई ढिगाआडून ओरडली, "काय झालं गं? साप निघाला का?"

"वालूर पडलं, आई!"

"पडू दे. ढीग उचलायला चला."

सितारामचाही संदेश आला: "पाणी पाजलं राव तुमी आमाला. पण मानलं."

महारुद्रने तो मोठ्याने वाचला आणि मग विचारले, "अक्का, पुढच्या बारीला मी काय पाठवू?" हा प्रश्न त्याने त्याआधी कधीच विचारला नव्हता.

मग सगळे कामाला लागले. दत्तरावांचा ट्रॅक्टर आला, ढीग त्यावर चढले. मी बाण रुतलेल्या अंगाने पीलखान्यात उभी होते. कोणाला माझी आठवण होईल, असे मला वाटले नव्हते. पण ऊन कलल्यावर राजेश्री परत आली आणि तिने माझे चित्र उघडले. जखमी हत्तीच्या चित्राखाली दोन चौकोन असतात, एक 'उपचार' आणि त्याला अगदी चिकटून 'निरोप'. तिची बोटे हरभऱ्याच्या आंबेने, म्हणजे पानांवरच्या आंबट ओलीने, आणि मातीने चिकट झाली होती. अशा बोटाने काचेवर भलतेच काही दाबले जाते, हे तिला ठाऊक होते. तिने मोबाइल बांधावर ठेवला, हौदाकडे गेली, हात धुतले, ओढणीला कोरडे पुसले, आणि मगच येऊन 'उपचार' दाबला.

मित्रांनो, माझे आता बरे चालले आहे. तुमच्याही हाताखाली उद्या माणसे येतील, जनावरे येतील, यंत्रे येतील. त्यांना मान जरूर द्या, पण मानाच्या आधी त्यांचा स्वभाव वाचा. लहानाला लहान म्हणून मागे ठेवू नका, आणि मोठ्याला केवळ मिरवण्यासाठी पुढे करू नका. आणि कोणी हरून परत आले, तर त्याला घालवून देण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारा: मी याला कुठे उभे केले होते?