हिरव्या सरबताचा थर्मास

“याचं बूच परत गळतंय. पिशवीला वास मारतो,” विमलाबाई पुटपुटल्या. मी त्यांच्या मांडीवरच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून निळा पत्रा, आत काचेचं भांडं. रावसाहेबांनी मला १९८१ साली घेतलं. ते भोसरीच्या एका कारखान्यात, लोखंडाला गंज चढू नये म्हणून लाल रंगाचा थर देणाऱ्या खात्यात होते. त्यांच्या पाळीचा चहा मी एकवीस वर्षं सांभाळला. सकाळचा चहा दुपारी जीभ भाजतो, अशी माझी कीर्ती होती. मग कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती काढली. रावसाहेब वारज्याच्या फ्लॅटमध्ये घरी बसले आणि मी माळ्यावर गेलो. घरी बसलेल्याला ताजा चहा मिळतो, थर्मास कशाला लागतो?

दोन वर्षांनी विमलाबाईंच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मला खाली काढलं. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात सलाइनमधून औषध असायचं. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी नवराबायकोला समजावलं, “हे औषध गाठीतल्या पेशींना आतून गंजवून मारतं, असं समजा. चांगल्या पेशींनाही त्रास होतो, पण त्या बऱ्याचशा सावरतात. बाहेरचं काही घ्यायचं झालं, तर आधी मला विचारा.”

मुलगा इंद्रजीत तेव्हा हिंजवडीला, संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं ऑफिसातून कागदांचे गठ्ठे छापून आणले आणि मित्राकरवी अमेरिकेहून अँटिऑक्सिडंटची पावडर मागवली. औषधाच्या दिवशी कंपनीची बस सोडून तो आवळ्याच्या रसात हिरवी पावडर कालवायचा, मला भरायचा.

“आई, यानं ताकद टिकते. डॉक्टरांना सांगू नकोस, उगाच वाद घालतील.”

“आज हिरवं पाजतोस. उद्या दावणीला बांध,” विमलाबाई म्हणायच्या. पण मुलाच्या हातचं म्हणून पिऊन टाकायच्या.

दुसऱ्या खेपेला रावसाहेबांनी चष्मा लावून पावडरीचा डबा वाचला. “अँटिऑक्सिडंट म्हणजे काय रे?”

“साध्या भाषेत सांगू, बाबा? शरीराला गंज चढू देत नाही.”

रावसाहेबांचा हात माझ्या झाकणावर होता. तो तिथेच थांबला. गंज कशानं चढतो आणि कशानं थांबतो, हे त्यांच्याइतकं त्या घरात कोणाला कळत होतं? मुलाकडे एकदा बघून त्यांनी झाकण घट्ट फिरवलं.

डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, “बाकी काही चालू आहे?”

“काही नाही,” विमलाबाई म्हणायच्या.

“थर्मासात?”

“आवळ्याचं सरबत.”

सरबत खोटं नव्हतं, अर्धं होतं इतकंच. आतलं बाहेर कळू न देणं हाच माझा गुण, जन्मभर त्याचंच कौतुक झालं. त्या तीन महिन्यांत मात्र वाटायचं, आपण जरा जास्त गळलो असतो, डॉक्टरबाईंच्या टेबलावर एक हिरवा डाग पडला असता, तर बरं झालं असतं. मित्रांनो, आजाऱ्याला मायेनं जे द्याल, ते डॉक्टरांपुढेही उघडून ठेवा. माझ्यासारखे होऊ नका.

चौथ्या खेपेनंतर तपासणीचा निकाल आला. इंद्रजीतही रजा काढून आला होता.

“गाठ हवी तशी आक्रसलेली नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कारण नक्की सांगता येत नाही. औषध बदलू. पण पुढचं जहाल आहे, हृदयावर ताण येतो.”

विमलाबाईंनी माझी पिशवी पोटाशी धरली. “चालेल,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी लिहायला कागद ओढला.

“थांबा,” रावसाहेब म्हणाले. “सरबतात पावडर असते, गंज न चढू देणारी. पहिल्यापासून. पोराला ठाऊक नव्हतं, तुम्ही काय सांगितलंय ते. मला ठाऊक होतं. आईसाठी काहीतरी करतोय, त्याचा हात कसा धरू, म्हणून मी गप्प बसलो.”