प्रत्येक वेणीला एक नाव

नाताळ तोंडावर आला की आमच्या कुमासी शहरातल्या बायकांना आपल्याला डोकं असल्याची आठवण होते. मग दुफिए आणि मी आमच्या वेण्यांच्या दुकानात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत वेण्या घालतो. गंगावन ओढून ओढून बोटं सोलवटतात.

या धबडग्यात दुफिएची पहाटेची प्रार्थना बुडाली. तीन आठवडे ती चर्चच्या प्रार्थना मंडळाकडे फिरकली नाही. नियम कडक होता: असं झालं की मंडळाचा पांढरा रुमाल परत द्यायचा. बारा वर्षं दर रविवारी तो डोक्याला बांधणारी बाई ती. तिच्यानं तो नेऊन देववेना.

शेवटी मंडळाची प्रमुख, मामे कोनाडू, दुकानातच आली.

"रुमाल दे."

दुफिएनं इस्त्री केलेला रुमाल मुकाट्यानं तिच्या हातात ठेवला. मला राहवेना.

"मामे, पोट भरायचं की गुडघे टेकायचे?"

"तू बोलूच नकोस, पोमा. तुझ्यासाठी आम्ही वेगळा उपास धरतो."

तरी रिकामी खुर्ची दिसताच ती बसलीच. "आठच जाड वेण्या घाल. मला वेळ नाही."

दुफिएचे हात चालू झाले, तसे ओठही.

"काय पुटपुटतेस? शिव्या घालतेस मला?"

"नाही हो, मामे. एका वेणीला एक नाव घेते, गिऱ्हाइकाच्या घरातलं. देवा, याला सांभाळ म्हणते. पहाटे यायला जमत नाही, पण हात दिवसभर डोक्यांवरच असतात ना."

मी गारच पडले. इतकी वर्षं मला वाटायचं, ही वेण्या मोजते!

"आणि ही आत्ताची कुणाची?"

"बाफूरची."

मी डोळे मिटून घेतले. बाफूर मामेचा मुलगा. चार वर्षांपूर्वी भांडून निघून गेला, तेव्हापासून त्याचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नसे, मंडळातही नाही.

मामे हातातल्या त्याच पांढऱ्या रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडली, नाक शिंकरलं आणि रुमाल दुफिएच्या अंगावर टाकला.

"धुऊन घे. रविवारी तुझ्या डोक्यावर दिसला पाहिजे."

दुफिए हसता हसता रडू लागली. मीही रडले, उगाच कशाला खोटं बोलू!

मामेनं आरशात पाहिलं. चार वेण्या झाल्या होत्या.

"सोड सगळ्या," ती म्हणाली. "बारीक घाल. आमचा गोतावळा मोठा आहे."